मोहगावच्या वाटेवर आठवलेले हुजरे

नागपूरहून सौसरमार्गे मोहगावला निघालो की वाटेत संत्र्यांच्या बागा लागतात. कारभार मध्य प्रदेशाचा, पण कानावर येते ती मराठी. अर्धनारीश्वराचे दर्शन घेऊन ओट्यावर टेकलो. मनात आले, हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा! १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात गेले, हे इतिहासात वाचायला मिळते. पण मुदपाकखान्यातले आचारी, पाणी सांभाळणारे आबदार, बिछायत घालणारे फरास, राजाजवळचे हुजरे यांचे काय? धनीच गेल्यावर त्यांच्या चुली कशावर पेटल्या?

राज्यकर्त्याचे घर चालते ते अशाच हातांनी. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातल्या ३४० खोल्याही त्यांच्याच जिवावर.

आपल्या भागातली जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली. तिथल्या वाड्यांवरही अशी माणसे राबली. तुमच्या घरातले कुणी होते का? आजोबांना, अज्जींना विचारा. मराठीत सांगोत की कन्नडमध्ये, नाव तेवढे लिहून ठेवा. राजांची नावे लिहिणारे पुष्कळ आहेत.