पडेल ते दान

शाळेत असताना मधल्या सुट्टीत आम्ही पुस्तकातले क्रिकेट खेळत असू. पाठ्यपुस्तक मधेच उघडावयाचे. डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा तेवढ्या धावा, आणि शून्य आले की गडी बाद! माझ्या अंगठ्याला मात्र एक कला साधली होती. पुस्तकाची कड किंचित चाचपून तो हवे ते पान बरोबर शोधून काढी. त्या कलेच्या बळावर मी पुष्कळ सामने जिंकलो. त्यांपैकी एकही विजय आज मला आठवत नाही.

पुढे १९७८ साली नोकरीनिमित्त मी अमेरिकेतील ओहायो राज्यात गेलो. तिकडचा आवडता खेळ बेसबॉल. त्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. चेंडू कुंपणापलीकडे टोलवला तर त्या फटक्याला ‘होम रन’ म्हणतात. मग फटका मारणारा व वाटेवरचे सारे गडी बिनधोक धावा पुऱ्या करतात.

कचेरीतील एका सहकाऱ्यामुळे मी बारा सभासदांच्या एका मंडळात गेलो. ही मंडळी बेसबॉल खेळत, पण टेबलावर! खेळाचे नाव ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’. हॅल रिचमन नावाच्या मुलाने लहान वयातच फासे टाकून त्याची जुळणी आरंभली आणि मोठेपणी, १९६१ साली, तो बाजारात आणला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड असते. तीन फासे एकदम टाकावयाचे. त्यांतील वेगळ्या रंगाच्या फाशावर एक ते तीन आले तर फलंदाजाचे कार्ड पाहावयाचे, चार ते सहा आले तर चेंडू फेकणाऱ्याचे. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करून तिच्यासमोर लिहिलेला निकाल मानावयाचा. दोन फाशांवर सात ही बेरीज छत्तीसांपैकी सहा प्रकारांनी येते, तर बारा एकाच प्रकाराने. हे गणित सांभाळून कार्डे तयार केलेली असतात. त्यामुळे गेल्या मोसमात खेळाडू मैदानावर जसा खेळला, तसाच तो साधारणतः टेबलावरही खेळतो.

आमच्या मंडळाची लेखी घटना होती. दर हिवाळ्यात नवी कार्डे आली की नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड होई. सभासद दूरदूरच्या गावी राहत. म्हणून पाहुण्या संघाचा मालक आपले खेळाडू व सूचना टपालाने पाठवी आणि यजमान आपल्या घरी एकटाच दोन्ही संघांसाठी फासे टाकी. निकालाचा कागद चिटणिसांकडे जाई. चिटणीस एक निवृत्त शिक्षक होते. मी त्यांना मनातल्या मनात ‘मास्तर’ म्हणे.

१९७९ साली, पहिल्याच मोसमात, मी अजिंक्यपद मिळवले. शेवटचा सामना मास्तरांच्या घरी झाला होता. माझ्या संघनिवडीचा मला केवढा अभिमान वाटला!

१९८१ साली व्यावसायिक खेळाडूंनी संप केला आणि जूनपासून सुमारे दोन महिने मोठमोठी मैदाने ओस पडली. आमची टेबले मात्र चालू होती. शरद ऋतूत मोसमातील माझा शेवटचा सामना आला. यजमान मी, पाहुणा संघ मास्तरांचा. जिंकलो तर अंतिम फेरी! नवव्या डावात मी एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद झाले होते, एक वाटेवर होता आणि फलंदाज होता जॉर्ज ब्रेट. १९८० साली दर हजार संधींत ३९० यशस्वी फटके, अशी त्याची सरासरी होती. मी फासे टाकले. आकड्यासमोर लिहिले होते: होम रन.

खोलीत कोणी नव्हते. माझा हात पुढे झाला आणि फासे मुठीत आले. ‘टेबलावरून खाली पडलेला फासा पुन्हा टाकावा’ असा आमचा नियम होता. तो खाली पडला नव्हता, हे फक्त मला ठाऊक होते. मूठ आवळलेली, अंगठा वर! तो अंगठा पाहताच मला शाळेतला बाक आठवला. मी फासे खाली ठेवले आणि होम रन लिहून टाकला. सामना मी हरलो. कागद टपालात टाकून परतताना मन खिन्न होते. पण रात्री झोप मात्र शांत लागली.

१९९६ साली मास्तरांनी वार्धक्यामुळे चिटणीसपद सोडले आणि दप्तराची पेटी माझ्याकडे आली. कागद चाळताना १९७९ चा तो शेवटचा सामना हाती लागला. नवव्या डावापर्यंत मास्तर दोन धावांनी पुढे होते. दोन गडी बाद, दोन वाटेवर, आणि माझ्या फलंदाजाचा होम रन! मी थक्क झालो. ते दान मास्तरांखेरीज कोणीही पाहिले नव्हते. मी ज्या विजयाचा अभिमान बाळगला, तो एका माणसाने एकांतात आपल्याच हाताने माझ्या नावे लिहिला होता.

मी त्यांना आभाराचे पत्र पाठवले. उत्तरात त्यांनी एवढेच विचारले होते, “मग दुसरे काय लिहिणार होतो?”

मास्तर आज नाहीत, मंडळ आहे. बारा माणसे बारा घरांत एकटी बसून पडेल ते दान लिहीत आली, म्हणून ते टिकले.