साडेपाचचा चहा

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला गेलेल्या गृहस्थाला कोथिंबिरीच्या शेजारी आणखी दोन जुड्या हटकून दिसतात. एक फुदिन्याची आणि दुसरी ‘लीली चा’ची. ही लीली चा म्हणजे आपला गवती चहा. गुजराती घरांत या दोहोंचे लग्न फार पूर्वीच लागलेले आहे. आधणात दोन्ही पडल्यावाचून कित्येकांचा दिवस सुरू होत नाही. आम्हा मराठी मंडळींचा चहा मात्र आल्यापुढे फारसा गेला नाही. पुदिना हा चटणीचा जिन्नस, अशी आमच्या स्वयंपाकघराची पक्की समजूत. गुजरातेत तीन पिढ्या काढल्या, कढीत गूळ घालायला शिकलो, पण चहाच्या बाबतीत दक्षिणीपणा काही सुटला नाही. सुटला तो व्याकरणात! गुजरातीत चहा स्त्रीलिंगी. त्यामुळे आमच्या घरातली शाळकरी मुले खुशाल ‘चहा झाली का?’ म्हणून विचारतात आणि मातोश्री आतून ‘झाला का म्हण, झाला!’ असे दटावतात.

या मातोश्रींमुळेच पुदिन्याच्या चहाचा आमच्या घरात प्रवेश झाला. त्यांचे वय आज ८३. दोन वर्षांपूर्वी त्यांची छाती धडधडू लागली, रात्री दोन दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषध दिले आणि सकाळचा एक कप सोडून बाकीचा चहा बंद करायला सांगितला. त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून होते. चहातल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायलाच साधारण ५ तास लागतात. उतारवयात त्याहूनही अधिक लागू शकतात. म्हणजे साडेपाचला घेतलेला चहा रात्री अंथरुणावर पडल्यावरही अर्धामुर्धा जागाच असतो.

मातोश्रींनी आज्ञा तंतोतंत पाळली. पण चहाबरोबर साडेपाचची वेळही सोडून दिली, आणि हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. त्या वेळी आम्ही शाळेतून परतलेले असतो, शेजारच्या गुजराती बा येतात, मुले खेळायला जाण्यापूर्वी घुटमळतात आणि ओसरीवरच्या झोपाळ्यावर दिवसभराच्या बातम्यांची देवघेव होते. मातोश्री आतल्या खोलीत पोथी घेऊन बसू लागल्या. बाहेर या म्हटले तर म्हणाल्या, “तिथं बसून काय करू? तुमचे कप मोजू?” महिनाभरात त्यांचे बोलणेच कमी झाले. शेजारच्या बा दोनदा येऊन आतल्या आत डोकावून गेल्या. झोपेचे औषध मिळाले होते, पण या आजाराचे कोणाकडे नव्हते.

सौभाग्यवतींनी प्रथम तुळशीचा काढा करून पाहिला. मातोश्रींनी पेला परत पाठवला. “काढा आजाऱ्याला देतात. मी आजारी नाही.” शब्दाचे सामर्थ्य किती असते हे आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवीत आलो, ते येथे पेल्यात उतरलेले पाहिले. मग बांनी आपल्या अंगणातल्या फुदिन्याच्या चार काड्या आणून दिल्या आणि चहाची भुकटी न घालताच ‘चा’ कशी करायची ते सौभाग्यवतींना करून दाखवले.

कृती सोपी आहे, परंतु तिच्यात एक मर्म आहे. गवती चहाची पात चिवट. ती दोन बोटांएवढी कापून पाण्यात पाच मिनिटे चांगली उकळावी लागते, तेव्हा कुठे तिचा लिंबासारखा वास पाण्यात येतो. पुदिना उलट फार हळवा. त्याचा सुगंध पानातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. खळखळ उकळले की तो वाफेबरोबर साऱ्या घरात दरवळतो आणि कपात उरते ते हिरवट, कडसर पाणी. म्हणून चार कपांना गवती चहाच्या दोन-तीन पाती आणि पेराएवढे ठेचलेले आले आधी उकळून घ्यावे, भांडे खाली उतरवावे, आणि मग मूठभर पुदिन्याची पाने, कपाला दहा-बारा या बेताने, तळहातावर किंचित चुरडून त्यात टाकावीत. लगेच झाकण. पाच ते सात मिनिटे कोणीही झाकण उचलून पाहू नये. मुलांना हे सर्वांत अवघड जाते. मग गाळून थोडा गूळ. लिंबू पिळायचे असल्यास कपात पिळावे. दूध घालू नये. पाने मात्र दोन-तीन पाण्यांतून धुवावीत, कारण बाजारच्या जुडीत माती फार असते.

घरचा पुदिना असेल तर उत्तमच. जुडीतल्याच जाड काड्या खालची पाने काढून पाण्याच्या पेल्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. कुंडी पसरट हवी, कारण हे झाड वर जाण्यापेक्षा आडवे धावते. जमिनीत लावले तर शेजाऱ्याच्या वाफ्यावर हक्क सांगते. बडोद्याच्या वैशाखात दुपारचे ऊन त्याला सोसत नाही. तेव्हा सावलीत ठेवावे व शेंडे खुडत राहावे. फार वाढला तर पाने सावलीत वाळवून बरणीत भरावीत. वाळल्या पानांचा कपाला एक चहाचा चमचा पुरतो.

त्याचे खोड बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. तुळशीचेही तसेच. दोघे एकाच कुळातले. गंमत अशी की, तुळशीमागे जशी वृंदेची कथा, तशी ग्रीक पुराणात पुदिन्यामागे मिंथी नावाच्या अप्सरेची कथा आहे. पाताळाच्या राजाचे तिच्यावर मन गेले आणि राणीने रागाने तिचे झाड करून टाकले. आमच्या मातोश्रींना ही कथा सांगितली तेव्हा त्यांनी राणीचाच पक्ष घेतला.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. आपल्या चटणीचा पुदिना आणि उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे तेलासाठी शेतोशेती लावतात तो जपानी पुदिना हे निराळे. ज्याने जीभ गार पडते ते मेन्थॉल दुसऱ्यात भरपूर. आपल्या घरगुती पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. मेन्थॉलने खरोखर काही गार होत नाही. थंडीची वर्दी देणारी जी मज्जातंतूंची यंत्रणा, तिलाच ते चेतवते. या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना २०२१ साली इतर शोधांसह नोबेल पारितोषिक मिळाले. अमृतधारेत पडते ते पुदिन्याचे फूल याच मेन्थॉलचे. ते किंवा बाटलीतला अर्क चहात मुळीच घालू नये, आणि तान्ह्या मुलाच्या नाकाशी तर नेऊच नये. ज्यांना छातीत जळजळून आंबट पाणी वर येते, त्यांनीही पुदिना जपून घ्यावा. तो काहींचा त्रास वाढवतो.

असो. तयार झालेले पेय सौभाग्यवतींनी काचेच्या पेल्यात न देता रोजच्या कपबशीत दिले, आणि त्या वेळी घरात दुसरा चहा केला नाही. हा निर्णय त्यांचा. आमच्या मते साऱ्या कृतीतला सर्वांत मोलाचा जिन्नस हाच. मातोश्रींनी बशीत ओतून घोट घेतला, सर्वांच्या कपांवरून नजर फिरवली आणि विचारले, “तुम्हीही हाच घेताय?” होय म्हटल्यावर झोपाळ्याला पायाने रेटा दिला. त्या दिवशी बा दिवेलागणीपर्यंत बसून होत्या.

आता मातोश्रींची झोप बरी आहे. पूर्ण पूर्वीसारखी नाही. धडधड औषधाने आटोक्यात आहे आणि त्याचे श्रेय आम्ही पुदिन्याला देणार नाही. साडेपाचला मात्र पाने त्याच खुडतात, मोजून. येणाऱ्याजाणाऱ्याला मुळ्या फुटलेल्या काड्या देण्याचे खातेही त्यांच्याचकडे. सकाळचा एक कप तेवढा दुधाचा, साखरेचा, दाट असतो. त्यात पुदिन्याचे एक पानही पडता कामा नये, अशी सक्त ताकीद आहे.