सव्वापाच अंशांचा दृष्टिकोन

'दृष्टिकोन' या शब्दाशी माझे जुने वैर आहे. उत्तरपत्रिका तपासायला बसले की दर पानावर तो दोनदा तरी भेटतो. कवीचा निसर्गाकडे पाहण्याचा दृष्टिकोन, नायिकेचा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन, आणि एका महाभागाच्या पेपरात तर लेखकाचा दृष्टिकोनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन! ज्याला काहीच सांगायचे नसते तो हा शब्द लिहितो आणि निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तोच शब्द बुधवार पेठेतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात कोणी चक्क अंशांत मोजून माझ्यापुढे ठेवील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

"सर, ह्या लेन्सचा अँगल शहात्तर डिग्री आणि ह्या लेन्सचा सव्वापाच. तुम्हाला कोणता हवा?" काउंटरमागचा तरुण म्हणाला.

इतका स्वच्छ प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता.

आम्ही त्या दुकानात का गेलो होतो ते सांगायला हवे. माझ्या कन्येला तिच्या मामाने गेल्या दसऱ्याला डिजिटल कॅमेरा दिला. त्याच्यासोबत 18 ते 55 मिलिमीटरची एक लेन्स आली होती. जाणकार मंडळी हिला 'किट लेन्स' म्हणतात, आणि म्हणताना ओठ किंचित मुरडतात. लग्नात आहेर म्हणून आलेल्या सातव्या लेमन सेटकडे आमची ही जशी पाहते, तशी त्या लेन्सकडे पाहण्याची रीत आहे. कन्येला काढायचे होते पक्ष्यांचे फोटो.

पक्ष्यांचे वेड तिला लागले ते आम्ही मांजरीला राहायला आलो म्हणून. उसाचे संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र ज्या गावात आहे, ते हे मांजरी. 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले. पण उसाच्या फडांतून इमारतींचे फड उठू लागले होते ते त्याच्याही आधीपासून. अशाच एका इमारतीत आमचे बिऱ्हाड आहे. गावाच्या कडेने मुळा-मुठा वाहते, आणि तिच्या काठाने थोडे खाली गेले की कवडी लागते. तिथे पात्र उथळ आणि खडकाळ आहे. दिवाळी सरली, थंडी पडू लागली, की तिथे दूरदूरचे पाहुणे उतरतात. थापट्या बदके येतात, शेकाटे येतात, धोबी येतात आणि चक्रवाक येतात.

चक्रवाक! हा पक्षी मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. रात्र झाली की नर एका तीरावर, मादी दुसऱ्या तीरावर, आणि पहाटेपर्यंत नुसता आक्रोश. हा संस्कृत कवींचा लाडका संकेत. मेघदूतातला यक्ष आपल्या एकट्या पडलेल्या पत्नीला चक्रवाकीचीच उपमा देतो. पण खरा चक्रवाक मी प्रथम पाहिला तो कवडीला, कन्येच्या मागे थंडीत कुडकुडत उभा असताना. नारिंगी-तांबूस अंगाची, फिकट डोक्याची ती जोडी एकाच खडकावर अंगाला अंग लावून बसली होती. सकाळची वेळ असल्यामुळे रात्री काय झाले ते कळायला मार्ग नव्हता. लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले जीव ते. विरहापेक्षा थकवाच अधिक असावा.

कन्येने फोटो काढला. घरी येऊन पडद्यावर पाहिला, तर नदी होती, आकाश होते, आणि मध्ये दोन नारिंगी ठिपके. "बाबा, हे चक्रवाक," ती म्हणाली. मी मान डोलावली. पण तिने सांगितले नसते तर मी त्यांना पडद्यावरचे हळदीचे डाग समजून पुसायला गेलो असतो.

यातले गणित सोपे आहे आणि निर्दय आहे. चक्रवाक लांबीला साठ-पासष्ट सेंटिमीटर. तो साठ मीटरांवर बसला असेल, तर 55 मिलिमीटरची लेन्स त्याची प्रतिमा उमटवते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची; आणि ज्या सेन्सरवर ती उमटते तो असतो सुमारे 24 मिलिमीटर रुंद. तेच 300 मिलिमीटरची लेन्स लावली तर प्रतिमा होते तीन मिलिमीटरांची. म्हणजे चौकटीच्या रुंदीचा आठवा हिस्सा. आता त्याला डोळा फुटतो, चोच फुटते, तो पक्षी होतो. दुसरा मार्ग म्हणजे आपणच जवळ जाणे. तो पुष्कळजण पत्करतात. मोबाइल पुढे धरून एकेक पाऊल टाकीत जातात आणि एकेक बदक उडत जाते. उडणारा थवा टिपता यावा म्हणून खडा भिरकावणारे एक सुशिक्षित गृहस्थही मी त्या काठावर पाहिले आहेत. तेव्हा लांब पल्ल्याची लेन्स ही चैन नव्हे, पाहुण्यांच्या अंगचटीला न जाण्याचा शिष्टाचार आहे, असे मी घरी सांगितले. शिष्टाचाराची किंमत ऐकल्यावर हिने फक्त एवढेच विचारले, "एवढ्यात माझ्या पाटल्यांचं काय झालं असतं, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

पक्ष्यांपायी लेन्सच्या नादी लागलेले आम्हीच पहिले नव्हे. स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाडलाही हेच वेड होते. 1935 साली त्याने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर पुस्तक काढले, आणि 1948 साली लेन्स बदलता येईल असा आपला नामांकित कॅमेरा बाजारात आणला. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा बरोबर त्याच घराण्याचा कॅमेरा होता.

दुकानात जाण्यापूर्वी मी महिनाभर अभ्यास केला. (माझ्या एम.ए.च्या वेळी इतका केला असता तर, असे ही म्हणाली.) पहिली गोष्ट कळली ती ही, की जीव लेन्समध्ये असतो, कॅमेऱ्यात नाही. कॅमेरा दोन-तीन वर्षांत जुना ठरतो. नीट सांभाळलेली लेन्स दोन-दोन कॅमेरे जुने झालेले पाहते. मात्र लेन्स आणि कॅमेरा यांची पत्रिका जुळावी लागते. प्रत्येक कंपनीचे लेन्स बसवण्याचे कडे निराळे, ते गोत्रासारखे. निकॉनने 1959 साली ठरवलेले कडे दशकानुदशके चालवले. कॅननने 1987 साली आपले कडे बदलले आणि कित्येक सुस्थळी पडलेल्या लेन्स एका रात्रीत घटस्फोटित झाल्या. 2018 साली दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवी कडी आणली. जुन्यांसाठी मध्ये अडॅप्टर नावाचा मध्यस्थ बसवतात. मध्यस्थ बरा निघाला तर संसार होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लेन्सच्या तोंडावरचा 'एफ'चा आकडा. हा आकडा लहान तितके प्रकाशाचे दार मोठे, असा उलटा न्याय आहे. एफ 1.8चे दार एफ 5.6च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. घरातला गणपती, बारसे, आजीचा चेहरा हे टिपायचे असेल, तर 35 किंवा 50 मिलिमीटरची, न सरकणारी, 1.8ची साधी लेन्स घ्यावी. इतक्या कमी पैशांत इतके स्वच्छ काम करणारी दुसरी लेन्स नाही. झूम नाही म्हणून दोन पावले पुढे-मागे व्हावे लागते. ते प्रकृतीलाही चांगले. पण 300 मिलिमीटरला एफ 2.8 हवे असेल तर दाराचा व्यास लागतो सुमारे 107 मिलिमीटर. एवढ्या मोठ्या निर्दोष काचा घासायच्या, एकामागे एक बसवायच्या, म्हणून त्या लेन्सची किंमत काही लाखांत जाते. एफ 5.6वर समाधान मानले तर 54 मिलिमीटर पुरतात आणि प्राध्यापकाच्या घरावर जप्ती येत नाही. उजेड कमी मिळतो, एवढेच. मग ऊन वर येईपर्यंत थांबायचे.

लेन्स चांगली की वाईट, हे ओळखायचे कसे? दुकानातला तरुण मला आलेख दाखवू लागला. मी पिशवीतून आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र काढले आणि त्याला ते समोरच्या भिंतीवर सपाट चिकटवायला सांगितले. कन्येने कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, दार पूर्ण उघडले आणि पानभर फोटो घेतला. मध्यभाग सगळ्याच लेन्सचा चांगला येतो. परीक्षा असते कोपऱ्यांची. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवरचे अनुस्वार दिसतात का? वेलांटी पहिली की दुसरी ते कळते का? काळ्या अक्षराला जांभळी किनार तर सुटत नाही? स्तंभांच्या उभ्या रेघा कडेला वाकतात का? एका महागड्या लेन्सने 'चिंता'ची 'चिता' करून दाखवली, तेव्हा ती मी बाजूला सारली. दुकानदार बाहेर येऊन म्हणाले, "सर, पंचवीस वर्षं धंदा करतोय, पण शुद्धलेखनावर लेन्स नापास करणारं गिऱ्हाईक पहिलंच."

नवी आवाक्यात बसेना, म्हणून अखेर 70 ते 300 मिलिमीटरची वापरलेली लेन्स घ्यायचे ठरले. हात थरथरला तरी सावरून घेणारी योजना तिच्यात हवीच, असा आमचा आग्रह होता. 300 मिलिमीटरला पक्षी मोठा होतो, तसा हाताचा कंपही मोठा होतो. वापरलेली लेन्स घेताना टॉर्च न्यायला विसरू नये. एका बाजूने झोत टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी, आणि नमस्कार करून निघावे. थोडी धूळ चालते. बुरशी काच खाते. आम्ही तीन लेन्स अशा परत केल्या. चौथी स्वच्छ निघाली.

बुरशीची गोष्ट निघाली आणि इतके दिवस अलिप्त राहिलेली आमची ही एकदम अधिकारवाणीने बोलू लागली. पावसाळ्यात पापड, लोणची आणि शालू सांभाळण्यात जिची हयात गेली, तिला दमट हवेबद्दल कोणी काय सांगावे? तिने घट्ट झाकणाचा डबा काढून दिला, औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या, आणि ऊन पडले की लेन्स बाहेर काढून उजेड दाखवण्याचा वारही ठरवून टाकला. अपोलोच्या यात्रिकांनी वजन वाचवण्यासाठी कित्येक कॅमेरे लेन्ससकट चंद्रावरच सोडले आणि फक्त फिल्म परत आणली, असे मी तिला सांगितले. "तिथे पावसाळा नाही. इथे आहे," ती म्हणाली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही पुन्हा कवडीला गेलो. ऊन वर आले. कन्येने तीच जोडी, तोच खडक, तेवढ्याच अंतरावरून टिपला. काय सांगू! पिसांच्या कडा मोजता याव्यात, डोळ्यात उन्हाचा कण चमकावा, मागचे पाणी वितळलेल्या सोन्याचे. गणेशोत्सवात तो फोटो मोठा करून आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावला. शेजारी येऊन विचारू लागले, "भरतपूरला गेला होता वाटतं?" आपल्या नदीवरचा आहे, म्हटल्यावर कोणाचा विश्वास बसेना.

विश्वास बसू नये हे रास्तच होते. सव्वापाच अंशांत दोन पक्षी आणि थोडे पाणी मावत होते. त्याच्याबाहेर काय होते ते तिथे उभे असलेल्याला नाकानेच कळते. पुणे शहराचे सांडपाणी, त्यातले बरेचसे पुरते स्वच्छ न होताच, ही नदी वाहून आणते. खडकांमध्ये साबणासारखा फेस साचतो. पुराने आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बाभळींच्या फांद्यांना वर्षभर लोंबतात, आणि लांबून पाहणाऱ्याला तेही बगळ्यांचे थवे वाटतात. उत्तम लेन्स पार्श्वभूमी विरघळवून टाकते, हा तिचा मोठा गुण सांगतात. त्या सकाळचे वितळलेले सोने म्हणजे तो फेस होता.

हे कन्येला माझ्याआधी उमगले होते. त्याच सकाळी, त्याच जागेवरून, पाय न हलवता तिने लांबची लेन्स काढून ती ओठ मुरडलेली किट लेन्स चढवली होती आणि 18 मिलिमीटरवर, 76 अंशांत, आणखी एक फोटो घेतला होता. फेस, पिशव्या, काठावर टाकलेला राडारोडा, मागे आमच्याच इमारतींची रांग. आणि मध्ये, शोधले तर सापडतील असे, दोन नारिंगी ठिपके. गणपती विसर्जनानंतर तिने हा दुसरा फोटो पहिल्याच्या शेजारी लावला. खाली काही लिहिले नाही. फक्त दोन आकडे: सव्वापाच अंश, शहात्तर अंश.

लोक पहिल्या फोटोपाशी थांबतात, हसतात, मग दुसऱ्याकडे वळतात आणि मान पुढे काढून ते ठिपके शोधतात. आजोबामंडळी नातवंडांना उचलून दाखवतात. एकीने विचारले, "हा धुराड्याशेजारचा टॉवर आपला का गं?" आपलाच होता.

परवा सेक्रेटरी घरी आले. चहा घेतला, फोटोंची स्तुती केली, आणि मग म्हणाले, "सर, तो दुसरा तेवढा दिवाळीपुरता काढून ठेवायला सांगा की. पाहुणेरावळे येतात. शिवाय चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचाय, गिऱ्हाइकं लिफ्टपाशीच उभी राहतात."

कन्या आतून बाहेर आली. "काका, काढायचे तर दोन्ही काढते," ती म्हणाली. "एकटा पहिला नाही ठेवणार."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले. मी बशीतली चकली पुढे केली. कमिटीची बैठक वसुबारसेला आहे. हे लिहीत असताना दोन्ही फोटो फळ्यावर आहेत, पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाच्या वर.