नेटहॅक : आडवाटेचा खेळ

रात्री पुन्हा नेटहॅक. १९८७ पासूनचा हा फुकट गेम; चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, आणि आपण म्हणजे ई-मेलमधलं ‘ॲट’चं चिन्ह. सरळ तलवार परजत जाणारा लवकर मरतो. कॉकाट्रिस नावाच्या प्राण्याला उघड्या हाताने शिवलं की आपला दगड होतो. पण हातमोजे घालून त्याचंच मढं उचलायचं आणि समोरच्याला हाणायचं, की बहुतेकांचे दगड! ते मढं घेऊन खड्ड्यात पडलात, तर मात्र आपणच दगड. (बनवणारे भारी खवचट.) कुणालाही न मारता खेळलात, मांस वर्ज्य केलंत, तर शेवटी त्याचीही नोंद होते. नवख्याला शिकवण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंद आहे. तरीही महागड्या, देखण्या गेमांपेक्षा मला हाच हुशार वाटतो.