पाव तासाची वीण

ईझी लिसनिंग किंवा सुखश्राव्य संगीत हा अमेरिकेतल्या व्यापारी रेडिओचा एक प्रकार. १९५० च्या दशकाअखेरीस तो आकाराला आला, १९७० च्या दशकात एफएमवर सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या प्रकारांत जाऊन बसला आणि १९९० च्या आसपास मोठ्या शहरांतून जवळजवळ नाहीसा झाला. लोकप्रिय गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या चाली, शब्द काढून व्हायोलिनच्या ताफ्यावर, पियानोवर, गिटारवर बसवलेल्या, हा त्याचा मुख्य ऐवज. मांटोव्हानी, पर्सी फेथ, रे कॉनिफ, बर्ट केम्पफर्ट, पॉल मॉरिया ही त्यातली ठळक नावे. रेडिओच्या धंद्यात याला ‘ब्यूटिफुल म्युझिक’ म्हणत. तो पुन्हा चालेल का, हा प्रश्न कार्यक्रम आखणाऱ्यांमध्ये अधूनमधून निघतो आणि ‘आता कोण ऐकतो’ एवढ्या उत्तरावर बहुधा मिटतो. हे उत्तर अपुरे आहे. हा प्रकार केवळ संगीतावर उभा नव्हता. चाली एकापुढे एक लावण्याची एक बारीक कारागिरी, थोड्या जाहिराती आणि श्रोते मोजण्याची त्या काळाची पद्धत या तिन्ही गोष्टींनी त्याला धरून ठेवले होते. त्यामुळे पुनरागमनाचा विचारही या तिन्हींपासून सुरू करावा लागतो.

संगीताबद्दल आधी एक गैरसमज दूर करायला हवा. हे संगीत म्हणजे दुकानात वाजणारा गुळगुळीत आवाज, असे पुढच्या पिढीला वाटले. मांटोव्हानींच्या वाद्यवृंदाने १९५१ मध्ये ‘शारमेन’ ध्वनिमुद्रित केले, त्यामागे रोनाल्ड बिंज या संयोजकाची युक्ती होती. व्हायोलिनवादकांचे गट पाडायचे, चालीतला एकेक सूर एकेका गटाने उचलायचा आणि पुढचा सूर दुसऱ्या गटाकडून निघाला तरी आपला धरून ठेवायचा. सूर एकमेकांवर सांडत जातात आणि मोठ्या चर्चमध्ये घुमल्यासारखा नाद तयार होतो. प्रतिध्वनीचे यंत्र न वापरता, निव्वळ लेखणीने साधलेला हा परिणाम आहे, आणि तो ज्याने एकदा लक्ष देऊन ऐकला त्याला या संगीताला हलके म्हणवत नाही. श्रोत्यांनीही ते हलके मानले नव्हते. पर्सी फेथ यांची ‘ए समर प्लेस’ची चाल १९६० मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ९ आठवडे पहिली होती. पॉल मॉरिया यांचे ‘लव्ह इज ब्लू’ १९६८ मध्ये, रॉकच्या ऐन भरात, ५ आठवडे पहिले राहिले.

रेडिओवर या संगीताला स्वतंत्र घर मिळवून देणाऱ्यांत गॉर्डन मॅक्लेंडन यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९५९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात केएबीएल हे केंद्र याच संगीतावर सुरू केले. नावात शहराची केबल कार होती, आणि चालींच्या मध्ये तिची घंटाही वाजे. शांत केंद्राला बडबडीशिवाय ओळख देता येते, हे त्या घंटेने दाखवले. पुढच्या वाढीला मात्र सरकारी नियम कारण झाला. १९६१ मध्ये एफएमवर स्टिरिओ प्रसारणाला परवानगी मिळाली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ठरवले, की १ लाखाहून मोठ्या शहरात एकाच मालकाच्या एफएम केंद्राने आपल्या एएम केंद्राचे कार्यक्रम निम्म्याहून अधिक वेळ जसेच्या तसे देऊ नयेत. मालकांपुढे अचानक रिकामे तास उभे राहिले. ते कमी खर्चात भरायचे होते, आणि स्टिरिओची शोभा वाढवणारे संगीत हवे होते. वाद्यवृंद दोन्ही बाजूंनी सोयीचा ठरला.

कारागिरीचा भाग इथून सुरू होतो. मार्लिन टेलर यांनी १९६३ मध्ये फिलाडेल्फियात डब्ल्यूडीव्हीआर हे केंद्र उभे केले आणि पुढे न्यूयॉर्कचे डब्ल्यूआरएफएम हाती घेतले. त्यांचा भर ओळखीच्या चालींवर होता. जिम शुल्की यांनी १९६० च्या दशकाअखेरीस स्टिरिओ रेडिओ प्रॉडक्शन्स ही संस्था काढून देशभरच्या केंद्रांना तयार फिती पुरवायला सुरुवात केली. तिथल्या फिल स्टाउट यांनी चालींच्या जुळणीचे एक शास्त्रच बसवले. त्याचे एकक होते पाव तास. श्रोतृमापन पाव तासाच्या हिशेबाने होई, म्हणून बांधणीही पाव तासाची. चार-पाच चाली, त्यांत फार तर एखादे गायन, तेही बहुधा समूहस्वरातले, आणि मध्ये निवेदक नाही. एक चाल जिथे उतरते तिथूनच पुढची उचलली गेली पाहिजे. भरगच्च तारवाद्यांनंतर एकटा पियानो, त्यानंतर मऊ गिटार, मग पुन्हा तारवाद्ये. लय एकदम उडी मारत नाही, स्वरपट्टी खटकत नाही, आणि पाव तास संपताना शेवटची चाल थोडी उजळ असते, म्हणजे पुढचा पाव तास थकलेल्या कानावर पडत नाही.

ऐकणाऱ्याला यातले काही जाणवता कामा नये, हीच या कामाची कसोटी. दोन उत्तम चाली शेजारी ठेवल्या की त्यांपैकी एक बिघडते, हा अनुभव जुळणी करणाऱ्याला रोजचा असतो. पितळी वाद्यांच्या ठणठणीत शेवटानंतर हार्पची सुरुवात कितीही गोड असली तरी ती केविलवाणी वाटते. म्हणून एकेकाळी गाजलेली ध्वनिमुद्रणेही शेवटच्या चार सेकंदांसाठी बाद होत. सकाळच्या फिती वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या, रात्रीच्या आणखी संथ. प्रत्येक चालीच्या शेवटी फितीवर २५ हर्ट्‌झचा, सामान्य रेडिओसंचावर कानाला न लागणारा ध्वनी भरलेला असे. तो मिळाला की केंद्रावरचे स्वयंचलित यंत्र दुसरी फीत सुरू करी. यंत्र बिनचूक चालले तरी निवड माणसाच्या कानाची होती. आज संगणकावर गाणी लावणाऱ्या कित्येक केंद्रांत यंत्र तेवढे उरले आहे आणि कान गेला आहे. हे नुकसान या एका प्रकारापुरते राहिलेले नाही.

(कारखान्यांत आणि कार्यालयांत वाजणारे म्युझॅक हे याच घराण्यातले मानले जाते. पण त्याचा हेतू कामगाराची मरगळ घालवणे हा होता. तिथे पाव तासात उत्तेजना पायरीपायरीने वाढवत नेत आणि मग काही काळ शांतता ठेवत. रेडिओचा पाव तास स्वेच्छेने ऐकणाऱ्या माणसासाठी विणलेला होता. दोन्ही एक समजल्याने रेडिओवरच्या कामाची किंमत कमी लेखली गेली.)

ऱ्हासाची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी वाद्यवृंदाच्या तबकड्या काढणे कमी केले. पुरवठा आटला तेव्हा फिती बनवणाऱ्या संस्थांनी स्वतःच पैसे घालून वाद्यवृंदांकडून नव्या गाण्यांच्या चाली वाजवून घेतल्या. खर्च वाढला, आणि श्रोत्यांचे वयही वाढत गेले. जाहिरातदारांचा बाजार २५ ते ५४ या वयोगटावर ठरतो. पंचावन्नाव्या वाढदिवसाला श्रोता रेडिओ बंद करत नाही, पण हिशेबातून गळतो. १९८० च्या दशकात केंद्रांनी आधी गायनाचे प्रमाण वाढवले, मग वाद्यवृंद काढून टाकला आणि शेवटी ‘सॉफ्ट’ हे विशेषण लावून दुसऱ्याच प्रकारात प्रवेश केला. तेव्हाही कित्येक शहरांत ही केंद्रे भरपूर ऐकली जात होती. श्रोते होते, त्यांना विकत घेणारा नव्हता.

ईझी लिसनिंगची जागा काही काळ स्मूथ जॅझने घेतली. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला केटीडब्ल्यूव्ही ‘द वेव्ह’ या नावाने सुरू झाले, आणि सॅक्सोफोनभोवती नवा शांत रेडिओ उभा राहिला. २००७ पासून त्याला जो तडाखा बसला तो समजून घेतल्याशिवाय आजचे उत्तर देता येत नाही. त्याआधी श्रोतृमापनासाठी निवडलेली घरे आठवडाभर कागदी डायरीत आपण काय ऐकले ते लिहीत. ज्याच्या घरी एकच केंद्र दिवसभर मंद वाजे, तो प्रामाणिकपणे ‘सकाळी ९ ते संध्याकाळी ५’ असे लिहून टाकी. डायरी आठवण मोजत होती, आणि आवडत्या केंद्राची आठवण उदार असते. २००७ मध्ये श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीने फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनपासून अंगावर बाळगायचा मीटर आणला. केंद्राच्या आवाजातच एक सांकेतिक खूण दडवलेली असते, आणि ती मीटरला ऐकू आली तर ऐकल्याची नोंद होते. स्मूथ जॅझचे आकडे घसरले. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूक्यूसीडीने २००८ मध्ये आणि शिकागोच्या डब्ल्यूएनयूएने २००९ मध्ये तो प्रकार सोडला.

या घसरणीत सगळा दोष संगीताचा नव्हता. ती खूण साधारण १ ते ३ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात, मूळ आवाजाच्या आडोशाला लपवलेली असते. गिटारचा गोंगाट किंवा अखंड बोलणे असेल तर आडोसा भरपूर मिळतो. मंद तारवाद्ये, पियानोच्या दोन सुरांमधला श्वास, यांत लपायला जागा कमी, म्हणून खूणही क्षीण. म्हणजे ज्या गुणासाठी माणूस ते केंद्र लावतो, तोच गुण मोजणीत त्याच्या विरुद्ध जातो. २०१४ च्या सुमारास व्होल्टेअर नावाचे उपकरण बाजारात आले. खुणेची पकड वाढवण्याचा त्याचा दावा होता आणि केंद्रांनी ते घेतले. २०१५ मध्ये नील्सनने, म्हणजे मधल्या काळात आर्बिट्रॉन विकत घेतलेल्या कंपनीने, खूणच बळकट केली. अडथळा बराच कमी झाला, पण तोपर्यंत बहुतेक शांत केंद्रे गेलेली होती.

त्यानंतरच्या काळात मात्र शांत संगीताच्या बाजूचे पुरावे जमत गेले. २०१५ मध्ये शिकागोत मी टीव्ही एफएम सुरू झाले. तांत्रिकदृष्ट्या ते एक कमी शक्तीचे दूरचित्रवाणी केंद्र. त्याच्या वाहिनीचा आवाज एफएमच्या अगदी खालच्या टोकाला, ८७.७ वर, ऐकू येतो. जुनी, मऊ, बाकीच्यांनी टाकून दिलेली गाणी लावून त्याने मोठ्या केंद्रांच्या रांगेत जागा मिळवली. मायामीत ‘ईझी’ आणि सॅन फ्रान्सिस्कोत ‘द ब्रीझ’ या नावांची केंद्रे मऊ गायनावर वर चढली. मीटर इथे मदतीला आला, कारण दवाखान्यात, दुकानात, कचेरीत दिवसभर कोणाला न बोचणारे केंद्र लावले जाते आणि तिथे आलेल्या प्रत्येकाचा मीटर ते नोंदवतो. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये निघालेल्या बूम रेडिओने साठीच्या पुढचा श्रोता उघडपणे आपला मानला आणि काही लाख श्रोते मिळवले. जाहिरातदारांनी सोडून दिलेल्या वयाकडे खर्च करायला पैसा आहे, हे त्यातून दिसले.

मराठी वाचकाला ईझी लिसनिंग म्हटल्यावर सुगम संगीत आठवेल. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एक, पण वस्तू वेगळी. भावगीत शब्दांवर उभे असते आणि इथे शब्दच काढून टाकलेले असतात. जवळचे नाते शोधायचे तर आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या मिनिटांत लागणाऱ्या फिलरशी ते जुळते. पुण्याचे एनॉक डॅनियल्स अ‍ॅकॉर्डियनवर आणि व्हॅन शिप्ले गिटारवर हिंदी चित्रपटगीतांच्या चाली वाजवत. त्या तीन-चार मिनिटांवर जीव असलेले श्रोते होते, तरी त्याचे स्वतंत्र केंद्र कोणाच्या मनात आले नाही. २०१७ मध्ये सारेगामाने ५,००० जुनी गाणी भरलेली ‘कारवाँ’ पेटी काढली. ती दिसते रेडिओसारखी, जाहिराती वगळलेली, आणि ती घरोघर गेली. रेडिओने जे देणे थांबवले होते ते लोकांनी पैसे मोजून विकत घेतले.

या सगळ्यावरून उत्तराचे दोन भाग पडतात. मऊ गायनाचे रूप व्यापारी रेडिओवर परतलेच आहे. निव्वळ वाद्यवृंदाचे रूप मोठ्या शहरातल्या महागड्या एफएम परवान्यावर टिकणे कठीण आहे, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या तबकड्यांवर नवा श्रोता उभा राहत नाही. नवा पुरवठा मात्र आज आहे. चित्रपटांचे आणि व्हिडिओ गेमचे पार्श्वसंगीत, एकट्या पियानोच्या रचना, अभ्यासाला म्हणून लावल्या जाणाऱ्या यादीतले वादन, हे सगळे तरुण माणसे रोज तासन्‌तास ऐकतात, फक्त त्याला ईझी लिसनिंग म्हणत नाहीत. पैशाच्या बाजूनेही एक सवलत आहे. अमेरिकेत हवेतून प्रसारण करणारे केंद्र गीतकार-संगीतकारांना मानधन देते, ध्वनिमुद्रणाच्या मालकाला नाही. इंटरनेटवरच्या सेवेला दोन्ही द्यावे लागते.

खरी अडचण जाहिरातींची. अमेरिकी व्यापारी केंद्र आज तासाला १० ते १५ मिनिटे जाहिराती देते, आणि त्या सहसा दोन लांब पट्ट्यांत येतात. गाड्या विकणारा आवाज तारवाद्यांच्या उतरत्या शेवटावर आदळला की मागचा अख्खा पाव तास वाया जातो. शुल्कींच्या काळात केंद्राने जाहिराती मर्यादित ठेवाव्यात आणि आवाजाचा दर्जा राखावा, या अटी फितींबरोबर येत. आज तसे करायचे तर दर मिनिटाचा भाव वाढवावा लागेल आणि जाहिरातीचा आवाज, लय, पार्श्वसंगीत केंद्राने स्वतः ठरवावे लागेल. छोट्या जागी हे जमते. अ‍ॅरिझोनात निवृत्तांची वस्ती असलेल्या प्रेस्कॉटचे केएएचएम वाद्यवृंद न सोडता टिकले. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये बॉब बिटनर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ७४० एएमवर डब्ल्यूजेआयबी सुरू केले, आणि पुढे जाहिरातींऐवजी खर्च श्रोत्यांच्या देणग्यांवर भागवला. चालींची निवड ते स्वतः करत.