खांदा आणि दोन लिप्या

वीस वर्षं मी फळ्यावर उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिते आहे. त्यात खांद्याचा काही वेगळा हिशेब असेल असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात कळलं. उर्दूची ओळ उजवीकडून, म्हणजे हात लांब बाहेर नेऊन सुरू होते. तिथेच कळ यायची. मराठीची ओळ सुखानं सुरू व्हायची आणि शेवटच्या शब्दाला हात अडायचा. मुलांना वाटलं, मॅडम हल्ली वाक्यं आखूड लिहितात.

घरी केस बांधता येईनात. अम्मी म्हणाली, "दुखता है तो बोलती कायकू नहीं?" तिनं दिलेलं तेल तीन आठवडे चोळलं.

मला वाटत होतं, नस दबली असावी. हाडांच्या डॉक्टरांनी आधी मला हात उचलायला सांगितला, मग तो सैल सोडायला लावून स्वतः उचलला. तेवढाच वर गेला. म्हणाले, "नस किंवा स्नायू कमजोर असता तर माझ्या हातानं वर गेला असता. इथं सांध्याचं आवरणच आक्रसलंय." फ्रोझन शोल्डर.

टेबलावरच्या सांगाड्यावर त्यांनी दाखवलं. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ बशीत ठेवलेल्या लिंबासारखा. त्याला चार लहान स्नायू धरून ठेवतात: सुप्रास्पायनेटस हात बाजूला उचलायला मदत करतो, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर बाहेर फिरवतात, सबस्कॅप्युलॅरिस आत. त्यांच्या नसा मान आणि छातीच्या वरच्या भागातून निघणाऱ्या 5 मुळांच्या जाळ्यातून येतात. माझं हे सगळं शाबूत होतं. पण या आजारात हात बाहेर फिरवणंच सगळ्यात जास्त अडतं. माझ्या उर्दूच्या सुरुवातीचं आणि मराठीच्या शेवटाचं कोडं तिथं सुटलं.

मग त्यांनी विचारलं, "साखर तपासलीय कधी?"

नव्हती. अब्बांचा पाय मधुमेहानं गेला, तेव्हापासून मी त्या तपासणीला टाळत आले होते. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा असा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, हेही मला त्या दिवशीच समजलं. रिपोर्ट आला, उपाशीपोटी 168. दुसऱ्यांदा तपासलं, तरी तेच. अम्मीला सांगायला मला चार दिवस लागले. ती काही बोलली नाही, चहातली साखर तेवढी बंद केली. स्वतःच्याही.

खांदा मोकळा व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात म्हणे. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटं चालवत वर नेते, जिथं थांबतात तिथं पेन्सिलीची खूण करते. वर्गात उर्दूच्या ओळीचा पहिला शब्द सहावीतली एक मुलगी लिहिते. तिचा काफ माझ्यापेक्षा बरा आहे. पुढची ओळ मी लिहिते.