उसाची ट्रॉली आणि आजारी माणसाची वाट

माकणीला निम्न तेरणा धरण झालं आणि शिवारात ऊस वाढला. उसामागोमाग ट्रॅक्टर आले, दुहेरी ट्रॉल्या आल्या, ट्रक आले. कित्येक घरांची चूल आज त्यांच्यावर पेटते. ग्रामसेवक म्हणून या भागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. पाणी आणि घरकुल सोडलं, तर ग्रामसभेत सर्वांत जास्त भांडणं ऐकली ती गल्लीत लावलेल्या गाड्यांवरून.

एका हंगामातली रात्र विसरत नाही. गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली उभी. चाकाखाली दगड, पुढचा दांडा जॅकवर टेकवलेला. ट्रॅक्टरचं हेड सोडवून चालक निघून गेलेला. रुग्णवाहिका वेशीतच थांबली. दमेकरी म्हातारीला चौघांनी बाजेवर घालून, भिंतीला खांदे घासत बाहेर काढलं. म्हातारी वाचली. सकाळी मालक म्हणाला, "भाऊसाहेब, गावाबाहेर लावली की चोरी होते. कोण भरून देणार?" त्याचंही खोटं नव्हतं.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चं कलम 102 सांगतं, की माल चढवायला-उतरवायला लागेल तेवढाच वेळ गाडी रस्त्यात उभी करावी. रस्त्यात जनावर बांधून वाट अडवायलाही तिथेच मनाई आहे. सार्वजनिक वाट अडवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड होतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 नुसार दहा तास बेवारस सोडलेली गाडी पोलीस हलवू शकतात.

पण त्याच कायद्याचं कलम 117 गावात क्वचितच कुणी उघडतं. वाहनतळ ठरवण्याचा अधिकार शासनाकडे किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आहे, आणि तो वापरताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते. म्हणजे ग्रामपंचायतीच्या शब्दाला तिथे वजन आहे. माझं ठाम मत आहे, आधी जागा द्यावी, मग दंड करावा. जागा न देता केलेला दंड चार दिवस टिकतो, आणि गाडी पुन्हा गल्लीत येते.

वाट मोकळी ठेवण्याचं मोल आपल्या पट्ट्याला जास्त कळायला हवं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात दगडमातीची घरं अरुंद गल्ल्यांत कोसळली आणि आत जायला वाटच उरली नाही. पुढे 52 गावं नव्या जागी वसवताना रस्ते रुंद आखले, ते हे दुःख भोगूनच. ती रुंदी गाड्या लावायला सोडलेली नाही. ती माणसं वाचवायला आहे.

दिवाळी सरली की गाळप जोर धरेल. त्याआधी ग्रामसभेत ठराव घ्या: गावठाणाबाहेर एक जागा, तिथे दिवा, रात्रीचा एक राखणदार, त्याचा पगार गाडीमालकांनी वर्गणीतून द्यावा. ठरावाची प्रत पोलीस ठाण्यात आणि तहसीलला पोहोचवा. आणि मालकांनो, आज रात्री ट्रॉली सोडण्याआधी एकदा मागे वळून पाहा, तिच्या बाजूने रुग्णवाहिका जाईल ना?